क्लूनबेगचा फाटा

अकरा वर्षं समितीने फाटे फोडले,
मग कुठे फाटा फुटला:
क्लूनबेगपासून समुद्रापर्यंत चौदा मैल,
रुंदी तीन फूट, म्हणजे
आमच्या गाढवांचीच मापं घेतल्यासारखी.

रूळ सरळच जायचे होते.
पण ड्रमशीलाच्या जमीनदाराला न्याहारीच्या वेळी
खिडकीत धूर नको होता.
मग टेकडीला वळसा पडला,
आणि ड्रमशीलाचं स्टेशन ड्रमशीलापासून
दीड मैलावर, दलदलीत उभं राहिलं.
पाटीवर नाव गावाचं, वस्ती टिटव्यांची.

दलदलीने पहिल्या वर्षी नऊशे गाड्या दगड गिळले,
ढेकरही दिली नाही.
शेवटी ओवेन रॉड्डी म्हणाला, लोकर टाका,
झुडपांच्या मोळ्या टाका, जे बुडत नाही ते टाका.
तो आयुष्यात शाळेत गेला नव्हता.
इंजिनिअरने ते आपल्या नावावर अहवालात लिहिलं.
अजूनही तिथे पाय आपटला
तर वीस पावलांवरचं गवत हलतं.

इंजिनाचं नाव लेडी अरबेला, जमीनदाराच्या मुलीवरून.
आम्ही म्हातारी म्हणायचो.
बार्नेसच्या चढावर ती दम खायला थांबली
की गार्ड उतरून आपले सशाचे फास बघून यायचा.
काय काय वाहिलं तिने!
मासे, अंडी, अंबाडीचे भारे,
एकदा चर्चची घंटा आणि बिशप,
दोघंही एकाच डब्यात, दोघंही दोरीने बांधल्यासारखे ताठ.

तिकिटांची वही माझ्याकडे आहे.
बाप फायरमन होता, शेवटच्या दिवशी त्याने ती उचलली,
चोरली म्हणा हवं तर.
१९११, एप्रिल.
जाऊन-येऊन: सहा.
नुसतं जाणं: एक्केचाळीस.
मे महिन्यात जाऊन-येऊन चार,
आणि दुसऱ्या रकान्यात शाई सांडलेली,
आकडा वाचता येत नाही, मोठा असावा.
प्लॅटफॉर्मवरून निघताना 'येतो' असं
कुणी म्हणालं नसेल.
तिकीटच तसं होतं.

आता हेही लिहायला हवं.
१९३४ साली बापाने लॉरी घेतली, मामाच्या नावावर.
आधी अंडी लॉरीने गेली, मग मासे.
रात्री तो लॉरी हाकायचा,
सकाळी रिकाम्या गाडीला कोळसा घालायचा,
आणि जेवताना बटाटा सोलत म्हणायचा,
फाट्याला दिवस वाईट आलेत.
आई त्याच्याकडे बघायची नाही.

रूळ उखडायलाही गाडीच लागली.
ती समुद्रापर्यंत गेली आणि उलटी निघाली,
जो रूळ मागे सुटेल तो उचलून पाठीवर घेत,
दिवसाला अर्धा मैल.
आम्ही पोरं कुंपणावर बसून बघायचो.
वाट एखाद्या सतरंजीसारखी गुंडाळली जात होती
आणि कुणी ओरडत नव्हतं.

सबायना मॅकगेटिगन फाटकावर एकतीस वर्षं होती.
घर फुकट, पगारही जवळजवळ फुकटच.
मुकादम ग्लासगोचा. तो म्हणाला,
बाई, आता लावू नका, मागे काही उरलं नाही.
ती म्हणाली, नियमात तसं लिहिलेलं नाही.
गाडी गेली की फाटक.
तिने ते लावलं, कडी घातली,
कडी बसली का ते दोनदा ओढून पाहिलं,
आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

रूळ ग्लासगोला वितळले, असं म्हणतात.
दोन तुकडे मागे राहिले,
बापाने माझ्या गोठ्याचं छप्पर त्यांच्यावर तोललं.
कसे मिळाले, मी विचारलं नाही.
ऊन चढलं की ते अजून कुरकुरतात,
लांबून काही येत असल्यासारखे.
पहिल्या वर्षी गाई दावं तोडायच्या.
आता मान वर करत नाहीत.
रुळल्या.